शिदोरी कुणी बांधली

अर्विंग, टेक्सस
शनिवार, दुपार

प्रिय सत्या,

देवने मागच्या रविवारी वीरच्या नाकावर बुक्की मारली हे तुला बाबांकडून कळलंच असेल. वीर म्हणजे माझ्या इथल्या मित्राचा, अमेयचा मुलगा, देवच्याच वर्गातला. घरी आल्यावर मी बाथरूममध्ये देवच्या शर्टावरचं रक्त धूत होतो आणि नेमका तेव्हाच बाबांचा व्हिडिओ कॉल आला. देवने त्यांना सगळं आपणहून सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. कशावरून मारलंस, हे बाबांनी विचारलं नाही. शाब्बास म्हणाले. वर म्हणाले, आपल्या घरात मार खाऊन कुणी येत नाही. देवचा चेहरा एकदम उजळला, आणि मी ओला शर्ट हातात धरून तसाच उभा राहिलो. कशावरून मारलं ते मी तुला सांगणार आहे, पण त्यासाठी मला बरंच मागून यावं लागेल. फोनवर ते जमत नाही. फोनवर तू विचारतोस, बाकी काय, आणि मी म्हणतो, बाकी मजेत. पाच वर्षं आपण दोघं हेच बोलतो आहोत.

तो उजळलेला चेहरा पाहून मला तू आठवलास. तू दुसरीत होतास, बाबांनी तुला सायकल आणली होती आणि आपल्या कॉलनीच्या उतारावर तू पडलास. गुडघा असा फुटला होता की आतलं पांढरं दिसत होतं. आई हळद घेऊन धावली, तर बाबांनी तिला हातानेच थांबवलं. म्हणाले, आधी रडणं बंद, मग हळद. तू शर्टाची कॉलर दातांत धरलीस आणि आवाज थांबवलास. डोळ्यांतून पाणी चालू होतं, पण आवाज नव्हता. तेव्हा बाबांनी तुझ्या पाठीवर थाप मारली. मी बाजूला उभा होतो, चांगला सोळा वर्षांचा घोडा, आणि मला तुझा अभिमान वाटला होता. पुढे तू फिजिओथेरपिस्ट झालास, दिवसभर लोकांना विचारतोस, कुठे दुखतं, किती दुखतं, ते बघून मला गंमत वाटायची. आता वाटत नाही.

तू इथे कधी आला नाहीस, म्हणून आमचा दिवस कसा असतो ते तुला माहीत नाही. सकाळी देवचा डबा, सुवर्णाचा डबा, देवला शाळेत सोडणं, मग भाजी, कपडे, व्हॅक्यूम, आणि दुपारी परत शाळेसमोर गाड्यांच्या रांगेत. इथे गाडीशिवाय दुकानापर्यंतसुद्धा जाता येत नाही, आणि उन्हाळ्यात तर डांबरावरून वाफा येतात. मी ज्या व्हिसावर आहे तो सुवर्णाच्या नोकरीला बांधलेला आहे. त्यावर इथे राहता येतं, गाडी चालवता येते, शिकतासुद्धा येतं, पण पगार घेता येत नाही. नागपूरच्या कॉलेजात मी तासिकेवर शिकवत होतो तेव्हाही पगार नावालाच होता, पण लोक सर म्हणायचे. इथे देसी दुकानात काउंटरवर एक काकू बसतात. मी सकाळी अकराला कोथिंबीर घेऊन उभा राहिलो की त्या विचारायच्या, आज सुट्टी का? पहिल्या दिवशी मी हो म्हणालो. मग प्रत्येक वेळी हो म्हणत गेलो. इतक्या सुट्ट्या कुठल्याच ऑफिसात नसतात, हे त्यांना कळत असणार. तिकडे बाबा शेजारीपाजारी सांगत होते की यतीन अमेरिकेत युनिव्हर्सिटीत आहे, आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. तूही नाही.

अमेयच्या घरी महिन्यातून एकदा सगळे जमतात. पुरुष मागच्या अंगणात ग्रिलभोवती उभे असतात आणि ग्रीन कार्डच्या तारखा कुठवर सरकल्या ते बोलतात. बायका किचनमध्ये असतात आणि कुठली शाळा बरी, कुठली टीचर खडूस, पोराच्या खोकल्यावर कुठला डॉक्टर, हे बोलतात. मला माहिती सगळी किचनमधल्या विषयांची. म्हणून मी आत गेलो की गप्पा जरा थांबतात आणि कुणीतरी माझ्या हातात प्लेट देऊन म्हणतं, भावजी, तुम्ही बसा ना बाहेर. बाहेर गेलो की अमेय खांद्यावर हात टाकून म्हणतो, यार, तू लकी आहेस, बायको कमावते, तू आरामात. तो मनाने वाईट नाही. मीही हसतो. मग मी बहुतेक वेळ मुलांच्या खोलीत जाऊन बसतो, आणि सगळ्यांना वाटतं याला मुलांची फार आवड.

दोन वर्षांपूर्वी मी इथल्या सार्वजनिक वाचनालयात जायला लागलो. पगाराशिवाय काम करायला व्हिसाची हरकत नव्हती. तिथली डोना म्हणून लायब्ररियन, साठीची, जाड चष्म्याची, तिने मला पहिल्याच आठवड्यात मागच्या खोलीत नेलं. गावातल्या कुठल्याशा जुन्या कुटुंबाने घर विकताना माळ्यावरची पुस्तकं पेट्या भरून दिली होती. लहान मुलांची पुस्तकं, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची, कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं. सत्या, नागपुरात मी ज्या विषयावर पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं, आणि पुस्तकंच मिळत नाहीत म्हणून जो सोडून दिला होता, तोच विषय पेट्यांत भरून माझ्यासमोर ठेवलेला होता. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन पुस्तकांमधला मुलगा. मुलगा म्हणजे काय, तो कसा घडवायचा, कशाला त्याचं कौतुक करायचं आणि कशाची त्याला लाज वाटली पाहिजे. तेव्हा तू मला विचारलं होतंस, दादा, याचा उपयोग काय?

मुलांची पुस्तकं वेगळी आणि मुलींची वेगळी होती. मुलांच्या पुठ्ठ्यांवर जहाज, घोडा, आगगाडी. मुलींच्या पुठ्ठ्यांवर खिडकी, फुलदाणी, मांजर. एकाच्या आतल्या पानावर शाईने लिहिलेलं होतं, वॉल्टरला, नाताळची भेट, वडिलांकडून, खरा पुरुष हो. वॉल्टर तेव्हा किती वर्षांचा होता कुणास ठाऊक, पण शेवटच्या पानावर त्याने पेन्सिलीने बदकं काढली होती. गोष्टी दोन-तीन तऱ्हांच्याच. एका तऱ्हेत मुलगा गरीब, बाप मेलेला. तो घर सोडून शहरात येतो, बूट पॉलिश करतो, खोटं बोलत नाही, एके दिवशी कुणा श्रीमंताच्या लेकराला पाण्यातून वाचवतो आणि त्याच्या पेढीत चिकटतो. दुसऱ्या तऱ्हेतला मुलगा द्वाड. शाळा बुडवतो, सफरचंदं चोरतो, पळून जातो आणि परत आला की गाव त्याला हसून माफ करतं, कारण मुलगाच तो. द्वाड मुलगी मुलींच्या गोष्टींतही असते, पण ती झाडावरून किंवा झोक्यावरून पडते. मग ती महिनोन्महिने अंथरुणाला खिळते आणि पडल्या पडल्या शहाणी होते. शेवटी सगळं घर तिच्या खोलीत येऊन बसायला लागतं, आणि ती आता घराचा जीव झाली असं सांगून गोष्ट संपते. मुलगा दुसऱ्या प्रकरणापर्यंत घराबाहेर पडलेला असतो, मुलगी शेवटच्या प्रकरणापर्यंत घरात आलेली असते. त्या काळी इथे लहान मुलगेसुद्धा फ्रॉक घालत, केस लांब ठेवत. पाच-सहा वर्षांचे झाले की एक दिवस विजार चढवायची आणि केस कापायचे. आपल्या जावळासारखंच, फक्त त्या दिवसानंतर आईच्या कुशीत शिरायची मुभा नसे. एका पुस्तकात आई ते कापलेले केस कागदात गुंडाळून ठेवते, आणि मुलगा तिच्याकडे वळूनही न बघता खेळायला जातो. लेखकाने त्याचं कौतुक केलंय. मी त्या खोलीत जमिनीवर बसून हे वाचत होतो आणि माझ्या लक्षात आलं की मी दाढीवाला बाप्या, अडतीस वर्षांचा, राहतो मात्र मुलींच्या पुस्तकांत.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात डोनाने मला त्या पुस्तकांवर बोलायला लावलं. शनिवारची सकाळ, वीसेक लोक, बहुतेक निवृत्त मंडळी, आणि पहिल्या रांगेत सुवर्णा आणि देव. मी एका गोष्टीतला घर सोडण्याचा प्रसंग वाचून दाखवला. मुलगा पहाटे खिडकीतून उतरतो, खांद्यावर काठी, काठीला रुमालात बांधलेली शिदोरी, आणि तो नदीच्या दिशेने निघतो. मी श्वास घ्यायला थांबलो तर देवने हात वर केला. बट हू पॅक्ड द फूड? सगळे हसले. तो गंभीर होता. म्हणाला, ही कान्ट कुक, ना बाबा? मी तिथल्या तिथे मागची पानं उलटली. एक ओळ सापडली. आदल्या संध्याकाळी त्याच्या बहिणीने पाव भाजले होते. तिला नावसुद्धा नव्हतं. हे पुस्तक मी चार वेळा वाचलं होतं आणि ती ओळ मला कधी दिसली नव्हती, मला, जो रोज दोन डबे भरतो. त्या दिवशी मला माझा विषय सापडला. पळून जाणाऱ्या मुलांच्या पुस्तकांतली स्वयंपाकघरं. कोण जातो ते सगळे सांगतात. कुणाच्या जिवावर जातो ते मला शोधायचं होतं.

सुवर्णाच म्हणाली, अर्ज कर. ॲन आर्बरच्या विद्यापीठात या विषयावर काम करणारे लोक आहेत, तिकडे मिशिगनमध्ये, इथून विमानाने जायचं. डोनाने शिफारस लिहिली. फेब्रुवारीत उत्तर आलं, प्रवेश दिला, पाच वर्षांचा खर्चही देणार, शिकवायचं कामही देणार. तो पगार घ्यायचा तर मला सुवर्णाच्या व्हिसावरून उतरून विद्यार्थ्याचा व्हिसा घ्यावा लागणार होता. मी ते पत्र सुवर्णाला वाचून दाखवलं तेव्हा ती पोळी खात होती. तिने घास संपवला आणि म्हणाली, जा. ती असं एका शब्दात बोलते तेव्हा तिने आधी पुष्कळ विचार केलेला असतो. ठरलं असं की ऑगस्टमध्ये मी जायचं, देव तिच्याजवळ, आणि तिची आई सहा महिने येऊन राहील. मी तुम्हा कुणाला सांगितलं नाही, कारण मला नागपूरला एकदम विमानतळावरून फोन करायचा होता. बाबांना म्हणायचं होतं, मी युनिव्हर्सिटीत आहे.

मार्चमध्ये सुवर्णाच्या कंपनीने तिची सगळी टीम काढून टाकली. सकाळी मीटिंग, दुपारी लॅपटॉप परत. अशा वेळी दोन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर देश सोडावा लागतो, तिला, मला आणि देवलाही. तिने रात्री शांतपणे सांगितलं, काळजी करू नकोस, आता तू विद्यार्थी हो, आम्ही दोघं तुझ्या व्हिसावर येतो. तू घरी बसलास ना इतकी वर्षं, मी बसते. त्या व्हिसावर तिला काम करता येणार नव्हतं, मला येत नव्हतं तसंच. आणि मग मी तिला घरात बघितलं. पहिला आठवडा ती झोपली. दुसऱ्या आठवड्यात तिने सगळे मसाल्याचे डबे रिकामे करून धुतले आणि मी लावलेला क्रम बदलला. मग ती पार्किंगमध्ये फेऱ्या मारायला लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कानाला फोन नसताना. मी खिडकीतून बघायचो. मी स्वतः तसाच फेऱ्या मारत होतो पहिल्या वर्षी, आणि मला वाटायचं कुणाला दिसत नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही दोघं देवला आणायला गेलो होतो. गाड्यांची रांग लांब होती, एसी चालू होता. मी तिला म्हणालो, तुला घरी नाही जमणार, तुला काम लागतं. मला वाटलं ती हो म्हणेल. ती समोर बघत म्हणाली, मला ती नोकरी तीन वर्षांपूर्वीच सोडायची होती. मला रोज सकाळी त्या पार्किंगमध्ये गाडी बंद करायची आणि उतरायचं नाही असं वाटायचं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, बोलून काय करणार होते, यतीन? माझ्या एका राजीनाम्यावर तिघांचं घर उठलं असतं. तू घरात अडकलास ते सगळ्यांना दिसलं. तुझ्यासाठी सगळे हळहळले, माझी आईसुद्धा. मी ऑफिसात अडकले ते कुणाला दिसलं नाही, कारण त्याचा पगार मिळत होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा कळलं की रांग पुढे गेली आहे. सत्या, मी या बाईबरोबर बारा वर्षं राहतो. तिला सकाळी डबा देऊन मी दार लावून घ्यायचो आणि मला वाटायचं, ती सुटली, मी राहिलो.

मग नेमकं काय व्हावं, तर ॲन आर्बरला हो किंवा नाही कळवायची मुदत जवळ आली आणि त्याच आठवड्यात सुवर्णाला दुसरी नोकरी मिळाली. डॅलसच्या पार पलीकडच्या टोकाला, रोज ऑफिसात हजेरी, एक आठवड्याआड रात्रीची ड्युटी, पण त्यांनी ग्रीन कार्डचा अर्ज लगेच करायचं कबूल केलं. जुन्या कंपनीने तो पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत टाळला होता. तो अर्ज एका टप्प्यापर्यंत गेला की मलाही काम करता येईल, बहुतेक. आम्ही सगळ्या बाजूंनी विचार केला. मी एकटा गेलो तर असल्या नोकरीत देवला कोण बघणार, कारण तोवर तिच्या बाबांचं डायलिसिस सुरू झालं होतं आणि आईंचं येणं संपलं होतं. तिघं गेलो तर सुवर्णा पाच वर्षं पार्किंगमध्ये फेऱ्या मारणार, तीही मिशिगनच्या थंडीत. मी म्हणालो, देवला मी घेऊन जातो, तू इथे नोकरी कर. ती उठून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली. देवचे मोजे जोडता जोडता म्हणाली, मग माझं इथे काय उरतं? मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही पुन्हा शाळेसमोर रांगेत होतो. तिने विचारलं, खरं सांग, मी या नोकरीला नाही म्हणू का? मला हो म्हणायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात देव आला, दप्तर मागे फेकलं आणि म्हणाला, आय ॲम स्टार्व्हिंग. मी त्याला केळं दिलं. संध्याकाळी मी विद्यापीठाला नकार कळवला.

याला तू त्याग वगैरे म्हणू नकोस. पुढचे कित्येक आठवडे मी घरात भांडी आपटली. भाजी करपवली आणि तशीच वाढली, आणि ती दोघं मुकाट्याने जेवली. डोनाचे फोन घेतले नाहीत. एका वर्षाने येतो, जागा राखून ठेवा, अशी विनंती केली होती, तर त्यांनी सभ्य भाषेत लिहिलं की पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा. एकदा मी सुवर्णाला म्हणालो, तू निदान थँक्यू तरी म्हण. ती नऊ तास काम करून आणि तीन तास गाडी चालवून आली होती, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. म्हणाली, मी नाही म्हणणार. म्हटलं तर तू त्या अंथरुणावरच्या मुलीसारखा होशील, आणि मला जन्मभर तुझ्या खोलीत येऊन बसावं लागेल. मला राग आला आणि मग हसू आलं, आणि हसू आल्याचा पुन्हा राग आला. पण त्या दिवसापासून भांडी आपटणं कमी झालं.

आता मागचा रविवार. अमेयच्या घरी मुलं कसलातरी घर-घर खेळ खेळत होती, आणि वीरने देवला आई व्हायला सांगितलं. देव म्हणाला, मी का? वीर म्हणाला, बिकॉज युअर डॅड इज द मॉम. मग देवने त्याला मारलं. नऊ वर्षांची पोरं असलं काही स्वतःच्या डोक्याने बोलत नाहीत, घरात ऐकतात तेच बोलतात. अमेय माझ्याकडे न बघता म्हणाला, यार, सॉरी, पोरं काहीही बोलतात. मी देवला वीरची माफी मागायला लावली. परत येताना तो गाडीत म्हणाला, आर यू? मी विचारलं, काय? द मॉम. मी म्हणालो, नाही. मी बाबाच आहे. घरी असणारा बाबा. त्याने ते ऐकून घेतलं, आणि म्हणाला, देन व्हाय डू यू टेल द ग्रोसरी आंटी इट्स युअर हॉलिडे? म्हणजे इतकी वर्षं हा कार्टमध्ये बसून, मग कार्ट ढकलत, माझं खोटं ऐकत होता. मी लाजतो आहे हे त्याला माझ्याकडूनच कळलं होतं. ज्याची बापाला लाज वाटते त्यासाठी मुलाने मारामारी केली, तर ती वीरमुळे केली असं कसं म्हणू?

दुसऱ्या दिवशी दुकानात काकूंनी विचारलं, आज सुट्टी? मी म्हणालो, नाही काकू, मी नोकरी करत नाही. घर बघतो. मला वाटलं होतं काहीतरी होईल. त्यांनी वजनाच्या काट्यावरून नजर काढली नाही. म्हणाल्या, बरं, मग मेथी न्या, आज चांगली आलीय, निवडायला तुमच्याकडे वेळ आहे. मी तीन जुड्या आणल्या. डोनालाही फोन केला आणि मंगळवारपासून मागच्या खोलीत जायला लागलो आहे. वॉल्टरच्या पुस्तकांची अजून दीड पेटी बाकी आहे. येत्या थंडीत पुन्हा अर्ज करायचा की नाही, ते आम्ही अजून बोललेलो नाही. सुवर्णाच्या ग्रीन कार्डचं कुठवर आलं ते तिचा वकील सांगत नाही, आणि रोज विचारून मी तिला छळत नाही, निदान एक दिवसाआड तरी.

त्या रविवारी देव झोपायला गेल्यावर बाबांनी पुन्हा फोन केला आणि मला म्हणाले, दुसऱ्या खोलीत जा. मग सांगितलं की तू एका मुलीला होकार दिला आहेस, रुही तिचं नाव, अमेरिकेत रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि दवाखाना बंद करून तू तिच्या व्हिसावर जायचं म्हणतो आहेस. म्हणाले, तू त्याला लिही, तुझं ऐकेल तो. एक मुलगा घरात बसवला, दुसरा बसवणार नाही मी. म्हणजे मी घरीच असतो हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, सत्या. आणि तू हे मला का सांगितलं नाहीस तेही मला कळतं, सांगितलं असतंस तर माझ्या घरी बसण्यावर बोलावं लागलं असतं, म्हणून तू टाळलंस. मी बाबांना म्हणालो, लिहितो. काय लिहीन ते बोललो नव्हतो. येऊ नकोस असं मी लिहिणार नाही. ये, छान होईल, असंही लिहवत नाही. एवढंच सांगतो की आम्ही निघालो तेव्हा सुवर्णाकडच्या सगळ्या नातेवाइकांनी मला विचारलं होतं, तुला जमेल का घरी बसायला. सुवर्णाला एकानेही विचारलं नाही, की तुला कधीच नोकरी सोडता येणार नाही, तुला चालेल का. मीही विचारलं नाही. तू रुहीला विचार, लग्नाच्या आधी, आणि ती हसून म्हणाली की होईल सगळं, तर पुन्हा विचार. आणि तुझं जिथे दुखेल ते तिला मोठ्याने सांगायची आत्तापासून सवय कर. हे पत्र सुवर्णाने वाचलं आहे. ती म्हणते, रुहीचा नंबर पाठव, तिला रुहीशी बोलायचं आहे, आणि त्या वेळी तू किंवा मी, दोघांपैकी कुणीही खोलीत नको आहे.

तुझाच,
दादा